आत्याबाईंचा पानाचा डबा

“म्हण की काहीतरी,” मामा म्हणाले.

“काय म्हणू?”

“काय बी म्हण. गाणं म्हण, न्हाईतर आमटीत काय काय घातलं ते सांग. आवाज येतो का न्हाई, येवढंच बघायचंय.”

मी अंगणात पाटावर मांडी घालून बसले होते. पुढ्यात आत्यांचा पितळी पानाचा डबा होता. त्याच्या मागच्या अंगाला पाडलेल्या भोकातून वायरी निघून पाटामागच्या बॅटरीला जोडलेल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, नंदाबाई, आणि मामा म्हणजे सासरे, मारुतीमामा. आत्या बचत गटाच्या मीटिंगला गेल्या होत्या. त्या परत यायच्या आत आम्हाला हा सगळा पसारा गुंडाळून डबा लाकडांच्या मागे लपवायचा होता.

मी घसा साफ केला आणि डब्याकडे तोंड करून सुरुवात केली. “तूरडाळ, चिंच, गूळ...”

अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला खांबावर वेताची पाटी टांगली होती. त्या पाटीतला स्पीकर माझ्याच आवाजात “तूरडाळ, चिंच, गूळ” असं खणखणीत म्हणाला. मला क्षणभर आनंद झाला. पण गुळाच्या मागोमाग एक बारीक शिट्टी आली, कानात डास शिरल्यासारखी, आणि ती थांबेचना.

“मोबाईल लाव बरं चार्जिंगला,” मामांनी कोमलला सांगितलं. कोमल म्हणजे माझी लेक, जिच्या लग्नासाठी हा खटाटोप चालला होता. तिने मोबाईल जोडला मात्र, शिट्टी दुप्पट झाली. लाकडांवर बसलेली कोंबडी फडफडत उडाली आणि शेजारच्या अंगणात जाऊन पडली.

कोमल हसून हसून खाली बसली. “आबा, आजीनं ओवी सुरू केली ना, तर मंडपात कुकर लावलाय असं वाटेल!”

मामा हसले नाहीत. त्यांनी बटण बंद केलं. बटण बंद करण्यात मामांचा हात कुणी धरू शकत नाही.

हे जरा सांगायला हवं. मामा तीस-एक वर्षं लोणावळ्याजवळ तुंगार्लीला एका बंगल्यावर राखणदार होते. मालक मंडळी पावसाळ्यात दोन-चारदा यायची, धबधबा बघायची, भजी खायची आणि सगळे दिवे, पंखे, गिझर चालू ठेवून निघून जायची. मामा मग खोलीखोलीतून फिरत एकेक बटण बंद करायचे. बिल मालकांचं, वीज मालकांची, पण जळायचा मामांचा जीव. बंगल्याचा इन्व्हर्टर दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाशेजारी बसून बसून ते वायरींचे जोड झाळायलाही शिकले. आता निवृत्त होऊन कुरवंड्याला घरी असतात, तरी सवय तीच. मी स्वयंपाकघरातून पाणी आणायला बाहेर गेले की परत येईपर्यंत अंधार. एकदा देवापुढची दिव्यांची माळ बंद केली म्हणून आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

आणि आत्यांबद्दल सांगायचं, तर आमच्या गावात घाणा म्हणजे नंदाबाई. हळदीच्या दिवशी दोन मुसळं आंब्याच्या पानांनी एकत्र बांधतात, सवाष्णी ती हातात धरून उखळात हळकुंडं कांडतात, आणि शेजारी गाणारीण बसून ओव्या म्हणते. बाकीच्या बायका मागून झेलतात. आत्या लग्न होऊन कुरवंड्यात आल्यापासून गावातला एकही घाणा त्यांच्याशिवाय भरला नाही. त्यांना ओव्या पाठ नसायच्या, त्या तिथल्या तिथे रचायच्या. नवरीचं नाव, तिच्या मामाचा तोरा, व्याह्याचं टक्कल, सगळं ओवीत यायचं. आवाज असा, की खालच्या ठाकरवाडीतली सावित्राबाई म्हणायची, “नंदे, तू हितं तोंड उघडलंस का माजी शेळी तितं कान टवकारती.” सावित्राबाई आत्यांची जोडीदारीण. ओवी झेलायला पहिला आवाज तिचा.

गेल्या वर्षी आत्यांच्या गळ्यातली गाठ काढली. जीव वाचला, आवाज गेला. अगदीच गेला असं नाही. राहिला, पण बारीक. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि आत्यांनीही ते हसून घेतलं. मग एका लग्नात त्या सवयीने घाणा म्हणायला बसल्या. मागच्या बायकांना काही ऐकू येईना. तेव्हा डीजेवाला मधूनच वाट काढत आला आणि मोठ्यांदा म्हणाला, “आजी, हा माइक धरा, तुमचं काही पोचत नाही.” बायका हसल्या. वाईट मनाने कुणी हसलं नव्हतं. पण आत्या उठल्या, पदर सारखा केला आणि घरी आल्या. “माइक लागला म्हंजी गाणारीण सपली,” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर घरात साधं गुणगुणणंही बंद.

आता कोमलचं लग्न ठरलं, कामशेतचा मुलगा. कोमलने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, “आजी घाणा म्हणणार असेल तरच मी हळदीला बसणार.” आत्यांनी सांगून टाकलं, “सावित्रा म्हणंल. मी बसंन मागं.” पोर रुसली, रडली. मीही समजावलं. शेवटी आत्या एवढ्यावर आल्या, की बसायची रीत म्हणून एकच ओवी म्हणेन, पुढचं सावित्राबाई बघेल. माइक मात्र अंगणात दिसता कामा नये.

“दिसणार न्हाई,” मामा म्हणाले.

आत्यांना वाटलं, त्यांनी ऐकलं. मला मात्र त्यांचा चेहरा बघून कळलं, की म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी आत्यांच्या पानाच्या डब्याची बिजागरी मोडली. म्हणजे मामांनी मोडली. डबा दोन ओंजळींएवढा, झाकणाला नक्षीची जाळी, वरच्या ताटलीत पानं, खाली चुना, कात, सुपारी. आत्या जिथे बसतील तिथे तो त्यांच्या गुडघ्याशी असतो. घाणा म्हणतानाही असायचाच. तेव्हा मामांचा बेत असा: जाळीखाली माइक, ताटलीखाली सगळी यंत्रणा, वर पानं. कुणाला संशय नको, आत्यांनाही नको. डबा कासाराकडे दिलाय असं सांगून त्यांनी तो लाकडांमागे ठेवला, आणि संध्याकाळी मी कुसगावच्या हॉटेलातली माझी साफसफाईची ड्यूटी संपवून निघाले, तर मामा फाटकाशी उभे.

“चल लोणावळ्याला. सामान आणायचंय.”

बाजारात स्नेहलचं दुकान आहे. दुकान तिच्या वडिलांचं, पण आता तीच बघते. डिप्लोमा केलेली, हसरी, बोलायला तिखट. मामांनी तिला सगळं सांगितलं. बॅटरी बारा व्होल्टची. मंडपात दिव्यांची माळ लावायची ती बाराचीच, तिचं काही नाही. पण पाहुण्यांचे मोबाईल चार्ज करायला पाच व्होल्ट हवेत, कारण आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते आणि पाहुणे मोबाईल घेऊन घरभर फिरतात. आणि माइक व आवाज वाढवणारा छोटा ॲम्प्लिफायर, त्या दोघांना नऊ हवेत. हे सगळं पानाच्या डब्यात बसवायचं.

स्नेहलने काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक चपटी, टपाल तिकिटाएवढी पट्टी. दुसरी काळी, तीन पायांची, भुंग्यासारखी.

“मोबाईलला ही पट्टी घ्या, काका. बाराचे पाच करायला हीच बरी. पण माइकला ही नको.”

“का बरं?”

“ही काय करते, बटण चालू-बंद, चालू-बंद करत राहते. एका सेकंदात हजारो वेळा. लागते तेवढीच वीज पुढे सोडते. म्हणून तापत नाही आणि बॅटरी पुरते. पण त्या चालू-बंदची कटकट माइकमध्ये ऐकू येऊ शकते.”

मामांच्या डोळ्यांत चमक आली. एका सेकंदात हजारो वेळा बटण बंद करणारं कुणीतरी या जगात होतं, आणि ते त्यांना आज भेटलं होतं.

“आणि ह्यो भुंगा?”

“हा बटणाच्या भानगडीतच पडत नाही. गपचूप बाराचे नऊ करतो आणि वरचे तीन उष्णता करून टाकून देतो.”

“टाकून देतो?” मामांनी असं विचारलं, जणू कुणी शिजवलेला भात उकिरड्यावर ओतला.

“टाकून देतो. पण आवाज करत नाही.”

“मला टाकून देणारा नको. बंद करणारे दोन द्या.”

स्नेहल माझ्याकडे बघून हसली. “काका, परत याल.”

“येतो की, लग्नाची पत्रिका घेऊन,” मामा म्हणाले आणि दोन पट्ट्या खिशात घालून निघाले.

त्या पट्ट्यांचीच ती शिट्टी. पण हार मानतील तर ते मामा कसले. त्यांनी वायरींना पीळ घातला. पट्ट्या एकमेकींपासून लांब सरकवल्या, पण दोन ओंजळींएवढ्या डब्यात लांब म्हणजे किती लांब जाणार! माझ्या हॉटेलातून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद मागवला आणि पट्टीला लग्नातल्या नारळासारखं गुंडाळून ठेवलं. शिट्टी थोडी दबली, गेली नाही. रोज आत्या कुठे बाहेर गेल्या की मी पाटावर, आणि आमटीचं साहित्य. मी फोडणीपर्यंत पोचले, तरी शिट्टी होतीच.

तिकडे आत्या प्लॅस्टिकच्या डब्यातून पान खात होत्या आणि रोज कासाराचा उद्धार करत होत्या. “बिजागरी बसवतोय का डबाच घडवतोय त्यो? इचारा की जरा जाऊन.”

“इचारलं. म्हणला, हळदीपत्तुर देतो,” मामा खाली मान घालून सांगायचे. खोटं बोलताना ते नेहमी पायाच्या अंगठ्याकडे बघतात. आत्यांना हे ठाऊक नसेल असं मला कधीच वाटलं नाही.

हळद आठवड्यावर आली. एके दिवशी दुपारी मी लवकर घरी आले. घराच्या मागच्या बाजूला आत्या मंडपासाठी आणलेली आंब्याची पानं निवडत बसल्या होत्या. मामा कोपऱ्यावर, भिंतीला टेकून उभे. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आत्या गात होत्या. घरात कुणी नाही असं समजून, अगदी हळू. आमच्या गावामागच्या नागफणीच्या सुळक्यावरून रचलेली ओवी.

नागफणीच्या आडून, ऊन वाकून बघतं,
कोमलबाईपाशी, हळद उसनी मागतं.

आवाज बारीक होता, पण त्यात सगळं होतं. ‘उसनी’वर त्या थोड्या थांबल्या, तो शब्द हलकाच वर उचलला, आणि खाली ठेवताना त्यात एक हसू सोडलं. ते हसू एवढंसं होतं, की चार पावलं मागे असते तर मला ऐकूच आलं नसतं. माझ्या अंगावर काटा आला. वर्षभर आम्ही आवाज गेला, आवाज गेला म्हणत होतो, आणि तो इथे पानं निवडत बसला होता.

मी मामांकडे बघितलं. ते रडत नव्हते; ते हिशोब करत होते. मला त्यांचा चेहरा वाचता येतो. त्या हसूएवढ्याच आकाराची होती ती शिट्टी. बरोबर तेवढंच ती खाऊन टाकणार होती.

“निर्मला,” ते हळूच म्हणाले, “चल. त्यो टाकून देणारा आणू.”

स्नेहलने आम्हाला दारातच बघितलं. “पत्रिका आणली वाटतं, काका?”

मामांनी खरंच पत्रिका काढून तिच्या हातात दिली. मग म्हणाले, “आन त्यो भुंगा बी द्या.”

तिने चेष्टा केली नाही, हे तिचे उपकार. उलट कागदावर रेघा मारून नीट समजावून दिलं. मोबाईलसाठी पट्टीच ठेवायची, कारण मोबाईल वीज फार ओढतात. तिथे भुंगा लावला तर तो भाजून निघेल. पण तिच्या वाटेवर ही एक तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवायची, म्हणजे कटकट मागे परतणार नाही. माइक आणि ॲम्प्लिफायरला भुंगा. आणि दोघांच्या वायरी एकमेकींत गुंतवायच्या नाहीत, थेट बॅटरीपासूनच वेगळ्या काढायच्या.

“भुंगा डब्याच्या तळाला स्क्रूने पक्का आवळा. पितळ त्याची उष्णता ओढून घेईल.”

“लय तापंल का?”

“तापेल. हाताला कळेल, पण भाजणार नाही. वर काही नाजूक ठेवू नका म्हणजे झालं.”

“नाजूक काय, पानं असत्यात,” मामा म्हणाले.

आता हे इथेच सांगून ठेवते, की मामा तंबाखू खातात, मी काहीच खात नाही आणि स्नेहल चहाशिवाय दुसऱ्या व्यसनाची नाही. आम्हा तिघांत पान खाणारं कुणीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्या ओढ्यावर गेल्या आणि मी पाटावर बसले. मामांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. मला वाटलं, बिघडलं.

“म्हण की,” मामा म्हणाले.

“तूरडाळ,” मी म्हटलं, आणि अंगणाच्या त्या टोकाला पाटी म्हणाली, “तूरडाळ.” मागे काही नाही. नुसती शांतता, निवळ पाण्यासारखी. कोमलने मोबाईल लावला. शांतता. तिने माझा मोबाईल लावला, मामांचाही लावला. कोंबडी लाकडांवर बसून राहिली. मामांनी डब्याला हात लावला, तो गरम लागला तसा त्यांचा हात झटकन मागे आला, आणि मग त्यांनी पुन्हा ठेवला.

“जाऊ दे वाया,” ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून याआधी ऐकलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. संदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सकाळपासून भाड्याच्या स्पीकरवर गाणी लावली होती, आणि मी घाण्याच्या वेळी ती बंद कशी करायची या चिंतेत होते. ते काम वाऱ्यानेच केलं. उन्हं कलली, वारा सुटला आणि लाईट गेली. गाणी एकदम थांबली. फक्त मामांची माळ मंडपभर लुकलुकत राहिली, आणि बायका म्हणाल्या, “अगं बया, ह्यांच्याकडं लाईट हाय!”

सावित्राबाई ठाकरवाडीतून चढून आली होती, नवं लुगडं नेसून. मुसळं बांधली गेली. कोमल पिवळ्या साडीत पाटावर बसली. आत्या आपल्या जागी बसल्या तेव्हा मामा स्वतः डबा घेऊन आले आणि त्यांच्या गुडघ्याशी ठेवला. ठेवताना पाटाच्या मागे वाकून त्यांनी बराच वेळ काहीतरी केलं.

“दिला का कासारानं? मंग सरका की आता. बायकांचं काम हाय,” आत्या म्हणाल्या.

मामा सरकले ते थेट मागच्या खांबाला जाऊन उभे राहिले.

“एकच म्हणंन गं,” आत्या सावित्राबाईला म्हणाल्या. “पुढं तू.”

“म्हण तर.”

उखळात मुसळ पडलं. आत्यांनी डोळे मिटले आणि नागफणीची ओवी उचलली. पहिला शब्द अंगणभर गेला. मोठा झाला नव्हता, लांब गेला होता. तोच बारीक आवाज, पण मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्याही शेजारी बसून गायल्यासारखा. ‘उसनी’ आलं, ते हसू आलं, आणि सगळ्यात मागच्या रांगेतली एक म्हातारी मान डोलावून म्हणाली, “व्हय, व्हय.” माझे डोळे भरून आले. सावित्राबाई झेलायचं सोडून आत्यांकडे बघत राहिली आणि मग तिने दुप्पट जोराने झेललं.

एक ओवी झाली. सगळे थांबले. आत्यांनी डोळे उघडले, अंगणाच्या त्या टोकाकडे बघितलं, पुन्हा मिटले आणि दुसरी सुरू केली.

दुसरीच्या मध्यावर पुण्याहून आलेली माझी मावसबहीण मानसी उठली. हातात मोबाईल. डब्यातून वायर नेऊन खांबापाशी लावलेल्या चार्जिंगच्या बोर्डात तिने तो खुपसला. मी मामांकडे बघितलं. त्यांनी खांब दोन्ही हातांनी धरला होता. मी मनात म्हटलं, देवा, आता शिट्टी नको. तिच्या मागून आणखी एकीने लावला, मग तिसरीने. आत्या गातच होत्या. शिट्टी नाही, किरकिर नाही, काही नाही. मामांनी खांब सोडला आणि टोपी काढून तोंड पुसलं.

आत्या थांबेनात. व्याह्याच्या मिशीवर झाली, संदीपच्या वाढलेल्या पोटावर झाली, बायका हसून हसून मुसळावर पडल्या. आणि मला आत कुठेतरी भीती वाटू लागली. आत्यांना वाटत असेल का, की आपला आवाज परत आलाय? उद्या कळेल तेव्हा काय?

शेवटी त्या दम घ्यायला थांबल्या. सवयीने हात डब्याकडे गेला. झाकण उघडलं, एक पान उचललं. पान हातातच खाली लोंबलं. दुसरं उचललं, तेही तसंच, फडक्यासारखं. आत्यांनी ताटलीला हात लावला. डब्याच्या अंगाला तळवा लावला. मग सावकाश मान वर करून मागच्या खांबाकडे बघितलं.

“अवो,” त्या म्हणाल्या, “पानं उकडली की माजी!”

झाकण उघडं होतं, आणि माइक त्या झाकणातच होता, थेट त्यांच्या तोंडासमोर. “पानं उकडली की माजी” हे सगळ्या अंगणाला, शेजारच्या दोन अंगणांना आणि रस्त्याने चाललेल्या जीपवाल्याला ऐकू गेलं. वेताच्या पाटीतून. आंब्याच्या पानांआडून.

लोक आधी पाटीकडे बघू लागले, मग डब्याकडे, आणि मग असा हशा उसळला की मंडपाचं कापड हललं. हसली नाहीत दोनच माणसं. मामा पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मीही हसले नाही, कारण मला ते डीजेवालं लग्न आठवलं. हसणाऱ्या बायका, आणि पदर सारखा करून उठणाऱ्या आत्या. आता आत्यांनी पदराला हात घातला. हशा विरला. कोमल पाटावरून अर्धी उठली.

आत्यांनी पदर कमरेला खोचला. दोन्ही हातांनी डबा उचलला, मांडीवर घेतला आणि झाकणाच्या जाळीत तोंड घालून विचारलं, “ऐकू येतंय का गं मागं?”

“येतंय!” सगळं अंगण ओरडलं.

“मंग ऐका.”

पानाच्या डब्यात गं, कुणी ठेवला निखारा?
माझ्या गळ्यासाठी, तापला घरधनी बिचारा.

सावित्राबाईने ती ओवी झेलली तशी बायकांनी मुसळं सोडून टाळ्या धरल्या. पुरुषांनी मामांना ओढत पुढे आणलं, कुणीतरी त्यांच्या गालांना हळद फासली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे दिवे विझवत फिरलेला तो माणूस मंडपाच्या मधोमध, माळेच्या उजेडात, पिवळाधमक होऊन उभा राहिला. त्यानंतर आत्या किती ओव्या गायल्या ते कुणी मोजलं नाही. हळद उखळात कधीच बारीक झाली होती.

दिवस मावळताना पाहुणे पांगले. लाईट आली होती. कोमल हळदीच्या हातांनी माझ्या कुशीत डोकं खुपसून बसली होती. दोन दिवसांनी ती कामशेतला जाणार होती. आत्या अजून तिथेच, डब्यापाशी, सावित्राबाईबरोबर.

“तुला कवा कळलं गं?” सावित्राबाईने विचारलं.

“पयल्याच ओवीला. माजा आवाज मला ठावं न्हाई व्हय?”

“मंग उठली का न्हाईस?”

“ह्यांचं तोंड बघितलं. खांब धरून हुबे. म्हणलं, आता गप बसले तर ह्यो माणूस खांबासकट पडंल.” त्या हसल्या, आणि ते हसू बारीक होऊन पलीकडच्या पाटीतूनही आलं.

मामा नेहमीप्रमाणे फेरीला निघाले होते. ओसरीचा दिवा बंद. मंडपातली माळ बंद. चार्जिंगच्या बोर्डाचं बटण बंद, मानसीचा मोबाईल अजून तिथेच होता तरी. मग ते पाटामागे आले आणि डब्याच्या बटणासाठी वाकले.

आत्या तेव्हा गुणगुणत होत्या. कोमल सासरी निघाल्याची ओवी असावी. शब्द अजून जुळले नव्हते, नुसती चाल होती. मामांनी डब्यावर हात ठेवला. तो गरमच होता. थोडा वेळ त्यांनी हात तसाच ठेवला आणि मग बटणाला न लावता काढून घेतला.

ते अंगण ओलांडून पलीकडे गेले आणि मागच्या खांबाला टेकून, वेताच्या पाटीखाली बसले. तिथून अंधारात आत्या दिसत नव्हत्या. नुसत्या ऐकू येत होत्या.